फ्लोरिडातली आगोट : हरिकेनच्या आधी घर आणि विमा

वादळाला नाव पडलं की विम्याचं दुकान बंद होतं. फ्लोरिडात नवीन घर घेतलेल्या कुणाशीही बोलताना मी सुरुवात या वाक्याने करते. वादळाचा रोख राज्याकडे दिसला की विमा कंपन्या नवीन पॉलिसी देणं आणि जुन्या पॉलिसीतली रक्कम वाढवणं थांबवतात. वादळ जाईपर्यंत एजंट फोनवर गोड बोलेल, कागद देणार नाही. तेव्हा जे काय करायचं ते मे महिन्यात.

माझं माहेर श्रीवर्धन तालुक्यातलं. आमच्याकडे पावसाच्या तोंडाला आगोट म्हणतात. मे महिन्यात बाबा कौलं चाळून घ्यायचे, फुटकी बदलायचे, पडवीला झडपं बांधायचे. आई मसाले, पापड, सुकी मासळी डब्यांत भरायची. पहिली सर पडून गेल्यावर छपरावर चढणाऱ्याला गाव हसायचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ नेमकं आमच्याच किनाऱ्यावर आलं आणि पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. आळीत कुणाच्याच घराचा विमा नव्हता; पत्रे उडाले ते ज्याने त्याने आपल्या खिशातून घातले. फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, टॅम्पा बे या खाडीच्या काठी राहायला आल्यापासून मी पुन्हा आगोट करते. फरक इतकाच, की इथे कौलांबरोबर कागदही चाळावे लागतात.

हरिकेनचा हंगाम १ जूनला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो. खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, आणि शिखर १० सप्टेंबरच्या आसपास. म्हणजे बहुतेक वर्षी गणपतीच्या आगेमागे. गणपतीसाठी हॉल बुक करताना पैसे परत मिळण्याची अट वाचून घ्या, हे जाता जाता.

पायरी १ : आपलं घर कुठल्या 'ए'मध्ये आहे?

नवीन माणूस सगळ्यात जास्त इथे फसतो. इथे दोन वेगवेगळे नकाशे आहेत आणि दोन्हींत 'ए' नावाचा भाग आहे.

पहिला इव्हॅक्युएशन झोन. तो काउंटी, म्हणजे इथला जिल्हा, ठरवते, समुद्राचं पाणी आत घुसलं तर कुणी आधी निघायचं त्यावरून. 'ए'ने सगळ्यात आधी, मग 'बी', 'सी' असं पुढे. दुसरा फ्लड झोन. तो फेमाचा, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन खात्याचा, कर्ज आणि विम्यासाठी. त्यात 'ए' आणि 'व्ही'ने सुरू होणारे भाग जास्त धोक्याचे आणि 'एक्स' कमी धोक्याचा. तुमचं घर फ्लड झोन 'एक्स'मध्ये असूनही इव्हॅक्युएशन झोन 'बी'मध्ये असू शकतं. विकणारा एजंट "एक्स आहे, काळजी नको" असं सांगतो, तेव्हा तो कर्जाबद्दल बोलत असतो. बँक तुम्हाला पुराचा विमा सक्तीने घ्यायला लावणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. पाणी येणार नाही असं त्या नकाशावर कुठेही लिहिलेलं नसतं. पुराच्या विम्याचे बरेचसे क्लेम अशा 'कमी धोक्याच्या' भागांतूनच येतात.

'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' या शब्दांनीही घोटाळा होतो. त्याचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता. गेल्या वर्षी आला म्हणून पुढची नव्याण्णव वर्षं सुट्टी, असं नाही. तीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीवर हिशोब मांडला तर ती शक्यता सुमारे २६ टक्के होते. चारात एक.

दोन्ही झोन काउंटीच्या आणि फेमाच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून फुकट बघता येतात. दोन्ही कागदावर लिहा आणि फ्रिजवर लावा. घरी आईवडील आलेले असतील तर त्यांनाही दाखवा. तुम्ही ऑफिसात असताना फोनवर इशारा त्यांनाच दिसणार आहे.

पायरी २ : वाऱ्याची पॉलिसी वेगळी, पाण्याची वेगळी

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत पूर नसतो. 'हरिकेन कव्हर आहे' असं एजंट म्हणाला तरी नसतो.

माझा ठोकताळा असा : पाणी वरून आलं तर घराची पॉलिसी, खालून आलं तर फ्लड पॉलिसी. वाऱ्याने छप्पर उचकटलं, त्या भगदाडातून पाऊस आत आला, खालचं सीलिंग कोसळलं, तर ते घराच्या पॉलिसीतून मिळू शकतं. समुद्र, खाडी, कालवा किंवा रस्त्यावरचं तुंबलेलं पाणी उंबऱ्यावरून आत आलं तर तो पूर, मग तो हरिकेनमुळे आलेला का असेना.

२०२४ च्या सप्टेंबरात आमच्या भागाने हा धडा महागात घेतला. हेलीन वादळ २६ सप्टेंबरच्या रात्री पेरी गावाजवळ किनाऱ्याला लागलं, चौथ्या श्रेणीचं. टॅम्पा बेच्या शेजारून ते शंभर मैलांहून लांब समुद्रातून गेलं. आमच्याकडे वारा फार नव्हता, छपरं जागेवर होती. पण खाडीचं पाणी सहा फुटांच्या वर चढलं आणि रस्ते, गराज, स्वयंपाकघरं सगळं गिळत आत आलं. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका जोडप्याकडे फक्त घराची पॉलिसी होती. कंपनीचा माणूस आला, भिंतीवरची चिखलाची रेघ बघितली, आणि दहा मिनिटांत निघून गेला. वाऱ्याने काही मोडलेलंच नव्हतं.

फ्लड पॉलिसी बहुतेक जण एनएफआयपीची घेतात. १९६८ मध्ये सुरू झालेली ही केंद्र सरकारची योजना, विकत मात्र नेहमीच्या एजंटाकडूनच मिळते. तिच्या मर्यादा आधीच कळलेल्या बऱ्या. इमारतीला जास्तीत जास्त २,५०,००० डॉलर आणि सामानाला १,००,०००. सामान वेगळं विकत घ्यावं लागतं, आपोआप येत नाही. सामानाचे पैसे वापराची घट कापून मिळतात, म्हणजे सात वर्षांच्या सोफ्याला सात वर्षं जुन्या सोफ्याची किंमत. घर राहण्यालायक नसताना हॉटेलात राहण्याचा खर्च ही पॉलिसी देत नाही. दागिने, कलावस्तू वगैरे सगळं मिळून २,५०० डॉलरच्या वर जात नाही, आणि नाणी-बिस्किटांच्या रूपातलं सोनं तर धरतच नाहीत. लग्नातलं सोनं घरातल्या कपाटात ठेवण्याची आपली सवय इथे मोडावी लागते. खाजगी कंपन्यांच्याही फ्लड पॉलिस्या आहेत, काहींत मर्यादा जास्त असते. दोन्हींचे दर मागवा.

आणि ३० दिवसांची अट. एनएफआयपीची पॉलिसी घेतल्यापासून तिसाव्या दिवसानंतर लागू होते. घर खरेदीच्या वेळी कर्जासाठी घेतली तर ही वाट बघावी लागत नाही, म्हणून घर घेतानाच घ्या, बँक मागो न मागो. ऑगस्टमध्ये वादळाचा नकाशा बघून घेतलेली पॉलिसी सप्टेंबरच्या अखेरीस कामाला येते.

इथे एक गोष्ट खास आपल्यासाठी. "नुकसान झालं तर फेमा पैसे देतं ना?" हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतं. फेमाची कुटुंबांना मिळणारी रोख मदत नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांसारख्या ठरावीक लोकांनाच मिळते. एच-१बी किंवा एल-१ अशा नोकरीच्या व्हिसावर असलेला माणूस त्यात बसत नाही. घरात इथे जन्मलेलं, म्हणजे अमेरिकी नागरिक असलेलं लहान मूल असेल तर त्याच्या वतीने आईबाप अर्ज करू शकतात. तरीही ती मदत घर पुन्हा उभं करण्याइतकी नसते. व्हिसावर राहून घर घेतलेल्यांचा खरा आधार पॉलिसीच.

घर भाड्याचं असलं तरी सुटका नाही. मालकाचा विमा भिंतींचा असतो, तुमच्या लॅपटॉपचा, गाद्यांचा नाही. भाडेकरूंचा विमा वेगळा घ्या, आणि तळमजल्यावर असाल तर सामानापुरती फ्लड पॉलिसीही भाडेकरूला मिळते.

पायरी ३ : पॉलिसीचं पहिलं पान चहा घेऊन वाचा

सगळी पॉलिसी कुणी वाचत नाही, मीही नाही. पण पहिली दोन-तीन पानं, ज्यांना डिक्लरेशन पेज म्हणतात, ती वाचाच.

तिथे कव्हरेज 'ए'चा आकडा असतो : घर पुन्हा बांधायला लागणारा खर्च. घराची बाजारभावाची किंमत नव्हे. जमीन वाहून जात नाही, म्हणून तिची किंमत यात धरत नाहीत. मग 'बी' म्हणजे कुंपण, शेड वगैरे, 'सी' म्हणजे सामान, आणि 'डी' म्हणजे बाहेर राहण्याचा खर्च. 'डी' किती आहे ते बघा. वादळानंतर सगळ्या गावाला एकाच वेळी मिस्त्री हवा असतो, त्यामुळे दुरुस्तीला महिने लागतात.

आता हरिकेन डिडक्टिबल. डिडक्टिबल म्हणजे नुकसानीतला आपल्या खिशातून भरायचा पहिला भाग. नेहमीचा डिडक्टिबल हजार-दोन हजार डॉलर असतो, म्हणून लोक निर्धास्त असतात. हरिकेनचा वेगळा लिहिलेला असतो आणि बहुतेक वेळा तो टक्क्यांत असतो : २, ५ किंवा १० टक्के. ही टक्केवारी नुकसानीवर नसते, कव्हरेज 'ए'वर असते. ४ लाखांच्या घराला २ टक्के म्हणजे पहिले ८ हजार तुमचे. ५ टक्के म्हणजे २० हजार. प्रीमियम कमी दिसतो म्हणून ५ टक्के घेणार असाल तर तेवढी रक्कम बँकेत बाजूला पडून आहे का, हे स्वतःला विचारा. फ्लोरिडात हा डिडक्टिबल वर्षातून एकदाच पूर्ण भरावा लागतो. म्हणून पहिल्या वादळात नुकसान डिडक्टिबलच्या आत असलं तरी कंपनीला कळवून ठेवा आणि पावत्या जपा. हेलीननंतर तेराव्या दिवशी मिल्टन वादळ आलं, तेव्हा ज्यांनी पहिल्याच्या पावत्या ठेवल्या होत्या त्यांचा दुसऱ्या वेळी फायदा झाला.

अजून तीन ओळी शोधा. छपराला 'रिप्लेसमेंट कॉस्ट' (नवीन घालायचा खर्च) लिहिलंय की 'अ‍ॅक्च्युअल कॅश व्हॅल्यू' (घट कापून उरलेली किंमत)? दुसरं असेल तर जुन्या छपराचे पैसे फार थोडे येतील. 'ऑर्डिनन्स ऑर लॉ' किती टक्के आहे? जुनं घर दुरुस्त करताना आजच्या नियमाप्रमाणे बांधावं लागतं, तो वाढीव खर्च यातून मिळतो. आणि पोहण्याच्या तलावावरचा जाळीचा पिंजरा धरलाय का? बऱ्याच पॉलिस्यांत हरिकेनसाठी तो वगळलेला असतो, आणि पहिल्या वाऱ्याला उडतो तो तोच.

कंपनी निवडताना दर बघाच, पण तिची आर्थिक पत काय आहे हेही विचारा. १९९२ च्या अँड्र्यू वादळानंतर इथल्या काही विमा कंपन्या बुडाल्या, गेल्या काही वर्षांतही बुडाल्या. बुडालेल्या कंपनीचे क्लेम राज्याचा हमी निधी मर्यादेपर्यंत देतो, पण वाट बघायला लावतो. कुणीच पॉलिसी देत नसेल तर सिटिझन्स ही राज्याने उभी केलेली कंपनी आहे. तिच्याकडे जाणाऱ्यांना फ्लड पॉलिसीही टप्प्याटप्प्याने सक्तीची होत आली आहे.

पायरी ४ : माळ्यावरचा तिसरा खिळा

आता वरती चला. फ्लोरिडात 'विंड मिटिगेशन' नावाची तपासणी असते. परवानाधारक तपासनीस येतो, तासाभरात घर बघतो आणि एक ठरावीक फॉर्म भरून देतो. तो फॉर्म विमा कंपनीला दिला की वाऱ्याच्या प्रीमियममध्ये सूट द्यावीच लागते, तसा कायदा आहे. फॉर्म पाच वर्षं चालतो. घर घेताना आधीच्या मालकाचा फॉर्म मिळाला तर मागून घ्या.

तपासनीस काय बघतो? छपराचं आवरण किती जुनं, फळ्या कुठल्या खिळ्यांनी आणि किती अंतराने ठोकल्यात, छपराचा आकार चारही बाजूंनी उतरता आहे की दोन बाजूंना त्रिकोणी भिंती आहेत, आणि दारं-खिडक्यांना संरक्षण आहे का. चौपाखी छप्पर वाऱ्याला चांगलं, हे कोकणातल्या कुठल्याही सुताराला विचारा.

पण सगळ्यात मोलाची जागा म्हणजे छपराचा सांगाडा भिंतीवर टेकतो तो सांधा. नुसते तिरके खिळे मारलेले असतील तर सूट नाही. लोखंडी पट्टी असेल तर सूट, आणि ती पट्टी लाकडावरून पलीकडे वळवून ठोकलेली असेल तर आणखी. आमच्या घराला पट्ट्या होत्या. मी खूश. तपासनीस माळ्याच्या कोपऱ्यात पोटावर सरकत गेला, बॅटरी मारली, फोटो काढला आणि खाली येऊन म्हणाला, प्रत्येक पट्टीला दोनच खिळे आहेत. फॉर्मला किमान तीन लागतात. म्हणजे कागदावर आमच्या पट्ट्या नसल्यासारख्याच. पुढच्या महिन्यात एका सुताराकडून प्रत्येक पट्टीला तिसरा खिळा मारून घेतला, पुन्हा फोटो, पुन्हा फॉर्म. घरासाठी मी केलेला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात घामाचा खर्च तो. माळ्यावरचं काम जानेवारीत काढा. मे महिन्यात तिथे भट्टी असते.

जुन्या घराला कंपनी 'फोर-पॉइंट' तपासणीही मागते : छप्पर, वीज, नळ आणि एसी. छप्पर पंधरा वर्षांच्या आतलं असेल तर केवळ वय सांगून कंपनी नकार देऊ शकत नाही. त्याहून जुनं असेल तर त्यात अजून किमान पाच वर्षांचा जीव आहे असा तपासनिसाचा दाखला चालतो. खिडक्या-छपरासाठी राज्याची 'माय सेफ फ्लोरिडा होम' योजना आहे. पात्र ठरलात तर तुमच्या एका डॉलरला राज्याचे दोन, जास्तीत जास्त १०,००० डॉलर. निधी आला की अर्ज उघडतात आणि पटकन संपतात, तेव्हा लक्ष ठेवून बसा.

पायरी ५ : भोकं बुजवा

वारा एकदा आत शिरला की छप्पर आतून वर ढकलतो. म्हणून सगळी धडपड त्याला आत न येऊ देण्याची. खिडक्यांना इम्पॅक्ट काच, म्हणजे आघात सोसणारी, उत्तम आणि महाग. अ‍ॅकॉर्डियन शटर कडेला घडी होऊन राहतात, एकटं माणूसही दहा मिनिटांत ओढून लावतं. अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे स्वस्त, पण प्रत्येक पत्र्यावर खिडकीचा नंबर घाला, नाहीतर वादळाच्या आदल्या संध्याकाळी दोघांत भांडण ठरलेलं. प्लायवूड लावणार असाल तर जाड, ५/८ इंच, आणि मापं आत्ताच कापून भोकं पाडून ठेवा. काचेवर फुलीची चिकटपट्टी लावण्याचा काही उपयोग नाही.

गराजचं दार विसरतात सगळे. घरातलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात लेचंपेचं दार ते. दारावर वाऱ्याच्या दाबाचा शिक्का आहे का बघा. नसेल तर आडव्या पट्ट्या बसवून मिळतात.

झाडं मे महिन्यात छाटा. वादळाच्या दोन दिवस आधी छाटलेल्या फांद्या कुणी उचलून नेत नाही, आणि मग त्याच वाऱ्यावर दगडासारख्या येतात. अंगणात नारळ असेल तर नारळ उतरवून घ्या. पन्हाळी साफ करा. सोसायटीची, म्हणजे एचओएची, परवानगी लागणारं काही असेल तर तो अर्ज सगळ्यात आधी.

पायरी ६ : वीस मिनिटांचा व्हिडिओ

फोन हातात घ्या आणि घरभर फिरा. प्रत्येक खोली, उघडी कपाटं, टीव्हीच्या मागचा मॉडेल नंबर, स्वयंपाकघरातला मिक्सर, इन्स्टंट पॉट, देव्हारा, पैठण्या. बोलत बोलत फिरा : "हा फ्रिज, २०२१ मध्ये घेतला." बाहेरून छप्पर आणि चारही भिंती. हे सगळं क्लाउडवर टाका आणि भारतात भावाबहिणीला पाठवून ठेवा. बिघडायच्या आधी ते धड होतं, याचा पुरावा नंतर कुठून आणणार?

कागदांची एक जलरोधक पिशवी करा. पासपोर्ट, व्हिसाचे मंजुरीपत्र, ग्रीन कार्ड किंवा ओसीआय, मुलांचे जन्मदाखले, दोन्ही पॉलिस्यांची पहिली पानं, घराचा करार. विम्याचा प्रीमियम कर्जाच्या हप्त्यातून जात असेल तर तो वेळेवर गेला आहे ना, हे एकदा कंपनीला विचारा. कर्ज एका बँकेकडून दुसरीकडे विकलं गेलं की ही भानगड हमखास होते.

पायरी ७ : नकाशावर शंकू दिसल्यावर

नॅशनल हरिकेन सेंटरचा तो पांढरा शंकू सगळे बघतात आणि चुकीचा वाचतात. वादळाचा मध्य कुठे जाऊ शकतो तेवढंच तो दाखवतो, आणि मध्यही तीनांतून साधारण दोनदाच त्याच्या आत राहतो. वादळ किती रुंद आहे, पाणी कुठवर येईल, हे शंकूत नसतं. २०२२ मध्ये इयन वादळाच्या वेळी सगळ्यांचं लक्ष टॅम्पाकडे होतं, आणि २८ सप्टेंबरला ते फोर्ट मायर्सच्या बाजूला जाऊन आदळलं. श्रेणीचा आकडाही फक्त वाऱ्याचा, ताशी ७४ मैलांपासून पहिली आणि १५७ पासून पाचवी. "पहिल्याच श्रेणीचं आहे" म्हणून खाडीकाठी बसून राहू नका.

'वॉच' म्हणजे वादळी वारा पोचण्याच्या साधारण ४८ तास आधीचा इशारा, 'वॉर्निंग' म्हणजे ३६ तास आधीचा. तुमचा झोन पुकारला की निघा. पाण्यापासून पळायचं, वाऱ्यापासून लपायचं, असं इथे म्हणतात. मोबाइल होममध्ये राहत असाल तर झोन न बघता निघा. दुसऱ्या राज्यात जाण्याची गरज नाही; वीस-तीस मैल आत, उंचावर, मजबूत घरात कुणी ओळखीचं असेल तर पुरे. २०१७ मध्ये इर्मा वादळाच्या वेळी ६० लाखांहून जास्त लोकांना निघायला सांगितलं होतं आणि महामार्ग तुंबले होते. आपल्या मंडळातल्या आतल्या भागातल्या कुणाशी आत्ताच बोलून ठेवा : "वेळ आली तर आम्ही चौघं येऊ." नाही म्हणणारं मराठी घर मला अजून भेटलेलं नाही.

बाकीचं भराभर. माणशी दिवसाला एक गॅलन पाणी, सात दिवसांचं. गाडीची टाकी भरलेली, हातात थोडी रोकड, महिन्याची औषधं. खुर्च्या, कुंड्या, तुळस सगळं आत. ग्रिलचा गॅस सिलिंडर मात्र घरात घेऊ नका, बाहेरच बांधा. पोहण्याचा तलाव रिकामा करू नका, जमिनीतल्या पाण्याने तो वर उचलला जातो. विजेची गाडी उंच जागी नेऊन लावा. खारं पाणी शिरलेल्या बॅटऱ्या नंतर पेट घेतात. जनरेटर घरापासून किमान २० फूट दूर, गराजचं दार उघडं ठेवूनही आत नाही. त्याच्या धुराने माणसं झोपेत जातात.

खाण्याचं म्हणाल तर इथले लोक डबाबंद बीन्स घेतात. मी आदल्या दिवशी दशम्या करते, चिवडा, लाडू, शेंगदाण्याची चटणी. फ्रिज न उघडता चार तास धरतो, गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवस.

पायरी ८ : वादळ गेल्यावर

आधी फोटो, मग आवराआवर. भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेला टेप लावून फोटो काढा. त्याच दिवशी कंपनीला कळवा. पूर आणि वारा दोन्ही असतील तर दोन क्लेम, दोन नंबर, नुकसान मोजायला येणारे दोन वेगळे अ‍ॅडजस्टर. छपरावर ताडपत्री घालणं, पाणी उपसणं ही तुमची जबाबदारी आहे, त्याच्या पावत्या ठेवा. ओला गालिचा आणि भिंतीचा ड्रायवॉल (जिप्समचा बोर्ड) ठेवून बसू नका, बुरशी लागेल. एकेक तुकडा कापून पिशवीत ठेवा, बाकीचं रस्त्याकडेला. हेलीननंतर आमच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना ओल्या सोफ्यांच्या राशी होत्या, आणि मिल्टनची बातमी आली तेव्हा त्या तशाच पडून होत्या.

दुसऱ्या दिवशी दारावर टकटक होईल. "छप्पर फुकट करून देतो, फक्त इथे सही करा." सही करू नका. परवान्याचा नंबर राज्याच्या संकेतस्थळावर तपासा, आगाऊ मोठी रक्कम देऊ नका. स्वतःचा पब्लिक अ‍ॅडजस्टर नेमायचा असेल तर जाहीर झालेल्या आपत्तीच्या क्लेमवर त्याला पहिल्या वर्षी १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही.

मुदती : घराच्या पॉलिसीचा क्लेम नुकसानीपासून एक वर्षाच्या आत, पुढे सापडलेल्या नुकसानीची भर १८ महिन्यांच्या आत. एनएफआयपीचा नुकसानीचा सही केलेला तपशील ६० दिवसांत, ही तारीख खूप जण चुकवतात. घराच्या पॉलिसीच्या कंपनीने तुमच्या क्लेमची पोच सात दिवसांत द्यायची आणि साधारणपणे ६० दिवसांत पैसे द्यायचे किंवा नकार कळवायचा. रक्कम कमी वाटली तर राज्याच्या वित्तीय सेवा खात्याकडे मध्यस्थी मागता येते. प्रत्येक फोननंतर तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव वहीत लिहा. माझी ती वही कागदांच्या पिशवीतच असते, पेनासकट.